ग्लेन कॅम्बल, साथीदार ते मुख्य गायक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकी कंट्री संगीतावर मी मराठीत लिहितो, आणि ग्लेन कॅम्बलचं नाव निघालं की तेच ते प्रश्न पुन्हा येतात. बहुतेकांनी त्याला ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’मुळे ओळखलेलं असतं. हाच माणूस आधी कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांमागे गिटार वाजवत होता हे कुठेतरी कानावर पडतं आणि मग चौकशा सुरू होतात. त्या सगळ्या इथे एकत्र केल्या आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. ग्लेन कॅम्बल कोण? थोडक्यात सांगाल का?

अमेरिकेतला गायक आणि गिटारवादक. जन्म २२ एप्रिल १९३६, आर्कान्सॉ राज्यातल्या डिलाइट गावाजवळच्या बिल्सटाउन वस्तीत. मृत्यू ८ ऑगस्ट २०१७, नॅशव्हिलमध्ये. १९६० ते १९६७ हा काळ त्याने लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये मुख्यतः इतरांना साथ करत काढला. १९६७च्या उत्तरार्धात त्याची स्वतःची गाणी चालू लागली आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत तो घराघरात पोचला. २००५ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

२. ‘कॅम्पबेल’ म्हणायचं की ‘कॅम्बल’?

कॅम्बल. इंग्रजी स्पेलिंगमधला ‘प’ बोलताना उमटत नाही.

३. साइडमन आणि सेशन वादक यात फरक काय? कॅम्बल नेमका कोण होता?

साइडमन म्हणजे मुख्य कलाकाराच्या मागे उभा राहून साथ करणारा. आपल्याकडे पेटी-तबल्याची साथ म्हणतो, तसंच. तो ठरावीक गायकाबरोबर दौऱ्यावर जातो, रात्री मंचावर असतो. सेशन वादक स्टुडिओतला. सकाळी एका गायकासाठी वाजवेल, दुपारी दुसऱ्यासाठी, आणि प्रेक्षक त्याचं तोंडही पाहणार नाहीत.

कॅम्बलने दोन्ही केलं. पंचविशीच्या आत तो एका नातलगाच्या बँडमध्ये होता (प्रश्न ४), नंतर स्टुडिओत (प्रश्न ५) आणि मध्येच काही महिने बीच बॉइज या बँडबरोबर दौऱ्यावर (प्रश्न ८). म्हणून इथे मी दोन्हींसाठी ‘साथीदार’ हाच शब्द वापरतो. दोन्हींची शिस्त एकच: गाणं दुसऱ्याचं आहे, ते आपल्यामुळे चांगलं वाटलं पाहिजे आणि आपण मात्र मध्ये यायचं नाही.

४. गिटार कुणाकडे शिकला?

शाळेत किंवा गुरूकडे बसून नाही. घर कूळ म्हणून कापूस पिकवणाऱ्याचं, भावंडं बारा. चार वर्षांचा असताना वडिलांनी सीअर्सच्या कॅटलॉगमधून पाच डॉलरची गिटार मागवून दिली. बू नावाच्या नातलगाने सुरुवातीची बोटं बसवली. बाकीचं रेडिओने आणि चर्चमधल्या गाण्याने केलं. १९५४ साली तो न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला गेला आणि डिक बिल्स या दुसऱ्या नातलगाच्या बँडमध्ये वाजवू लागला. तिथे नाचगाण्याच्या जागी रात्रभर वाजवायचं, रेडिओवर वाजवायचं, लोक मागतील ते गाणं त्यांना हवं त्या पट्टीत वाजवायचं. १९५८मध्ये त्याने वेस्टर्न रँगलर्स हा स्वतःचा बँड काढला.

पुढे स्टुडिओत तो काहीही वाजवू शकायचा याचं लोकांना आश्चर्य वाटतं. त्या आश्चर्याचं उत्तर आल्बुकर्कीच्या या सहा वर्षांत आहे.

५. रेकिंग क्रू हा बँड होता का? त्यांच्या नावाचे रेकॉर्ड सापडत नाहीत.

बँड नव्हता, म्हणून सापडत नाहीत. साठच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये स्टुडिओत वाजवणाऱ्या वीस-तीस जणांचा हा सैलसर गट होता. ड्रम्सवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरॉल के आणि जो ऑस्बॉर्न, पियानोवर डॉन रँडी आणि लिऑन रसेल, गिटारवर टॉमी टेडेस्को आणि कॅम्बल, असे कितीतरी. निर्माता फोन करायचा, जे मोकळे असतील ते यायचे. सेशन साधारण तीन तासांचं असायचं, मजुरी युनियनच्या दराने मिळायची, आणि तेवढ्या वेळात दोन-तीन गाणी उरकायची. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नाव बहुधा नसायचंच.

‘रेकिंग क्रू’ हे नाव रूढ केलं हॅल ब्लेनने, तेही नंतर. त्या काळात आम्हाला कुणी असं म्हणत नव्हतं, असं कॅरॉल केने अनेकदा ठासून सांगितलं आहे. मी नाव वापरतो ते वाचकाला शोधायला सोपं जावं म्हणून.

कॅम्बल या गटात आला तो ओळखीपाळखीतून. १९६०मध्ये लॉस एंजेलिसला आल्यावर ‘टकीला’ या गाण्याने गाजलेल्या चॅम्प्स या बँडमध्ये त्याला जागा मिळाली. १९६१च्या सुरुवातीला अमेरिकन म्युझिक या प्रकाशन कंपनीत दिवसाची नोकरी लागली. काम गाणी लिहिण्याचं आणि त्यांचे डेमो, म्हणजे नमुन्याची कच्ची रेकॉर्डिंग, गाऊन-वाजवून देण्याचं. डेमो ऐकणाऱ्यांनी गाणं घेतलं की नाही कोण जाणे, पण ‘हा गिटारवाला कोण?’ असं विचारायला सुरुवात केली.

६. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं हे खरं आहे का? मग स्टुडिओत काम कसं मिळायचं?

खरं आहे. लिहिलेले सूर वाचून वाजवणं त्याला जमत नसे. कॉर्डची नावं लिहिलेला कागद मात्र तो वाचायचा, आणि तेवढं त्याला पुरायचं. टेडेस्कोसारखे वादक समोर ठेवलेलं काहीही क्षणात वाचून वाजवत. कॅम्बलला बोलावलं जायचं ते वेगळ्या कामासाठी: गाणं एकदा ऐकून त्याला साजेशी ओळ तिथल्या तिथे सुचवायला. कॅपो (गिटारच्या मानेवर तारा दाबून धरणारी चिमटी) लावून तो पट्टी पटकन बदलायचा आणि मोकळ्या तारांचा खणखणीत नाद कुठल्याही पट्टीत आणायचा. कान तयार असेल तर कागदावाचून अडत नाही, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

७. मी ऐकलेल्या कुठल्या गाण्यांत त्याची गिटार आहे?

नक्की सांगता येतील अशी काही: एल्व्हिस प्रेस्लीचं ‘व्हिवा लास व्हेगस’, रायचस ब्रदर्सचं ‘यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’, फ्रँक सिनात्राचं ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’ आणि बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ अल्बम. याशिवाय डीन मार्टिन, नॅट किंग कोल, बॉबी डॅरिन, रिकी नेल्सन, मंकीज आणि मर्ल हॅगर्ड यांच्याकडेही त्याने वाजवलं. १९६३ या एका वर्षात आपण ५८६ गाण्यांवर वाजवलं, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता.

ही गाणी लावून ‘कॅम्बल कुठे आहे?’ म्हणून कान टवकारून बसाल तर बऱ्याचदा निराशा होईल. सिनात्राच्या गाण्यात तो ताल धरून आहे, बस्स. आवाज वेगळा काढता येत नाही. वेगळा काढता आला असता तर त्याला पुन्हा बोलावलंच नसतं.

८. तो बीच बॉइजचा सभासद होता का?

अधिकृत सभासद नाही, पण काही महिने त्यांच्याबरोबर मंचावर होता. डिसेंबर १९६४मध्ये बँडचा मुख्य गीतकार ब्रायन विल्सन याला विमानात मानसिक त्रासाचा मोठा झटका आला आणि त्याने दौरे थांबवले. बँडचे कार्यक्रम तर ठरलेले होते. ऐनवेळी कॅम्बलला बोलावलं. त्याने ब्रायनची बेस गिटार हातात घेतली आणि ब्रायनचेच वरच्या पट्टीतले सूर गायला लागला. मार्च १९६५पर्यंत हे चाललं, पुढे ब्रूस जॉन्स्टन आला.

त्याची परतफेड म्हणून ब्रायनने १९६५मध्ये कॅम्बलसाठी ‘गेस आय’म डम’ हे गाणं तयार करून दिलं. ते चाललं नाही. आज ऐकलं की वाटतं, एवढं सुंदर गाणं लोकांच्या हातून निसटलं कसं! त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात थोडंफार आहे.

९. एवढा चांगला गळा होता, तर नाव व्हायला इतकी वर्षं का लागली?

हा सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न. आधी एक गैरसमज दूर करतो. तो साथीदार म्हणून काम करत होता आणि मग एके दिवशी गायक झाला, असं झालेलं नाही. दोन्ही कामं सहा-सात वर्षं शेजारी शेजारी चालू होती. ‘टर्न अराउंड, लुक ॲट मी’ हे त्याचं गाणं १९६१मध्येच बाहेर आलं आणि पॉपच्या लोकप्रियतेच्या यादीत ६२व्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६२मध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने त्याला करारबद्ध केलं. त्याच वर्षी ग्रीन रिव्हर बॉइज या नावाखाली केलेलं एक गाणं कंट्रीच्या यादीत २०वं आलं. १९६५चं ‘युनिव्हर्सल सोल्जर’ ४५व्या क्रमांकावर थांबलं. ‘शिंडिग’ या दूरदर्शन कार्यक्रमात तो नियमित दिसायचा. म्हणजे चेहरा माहीत होता, गळा माहीत होता, तरी काही जमत नव्हतं.

माझ्या मते कारण त्याच्या गुणातच होतं. चांगल्या साथीदाराला समोरच्याचा रंग घेता येतो. ब्लूग्रास सांगा, ब्लूग्रास गाईल. सर्फ सांगा, सर्फ. युद्धविरोधी लोकगीत सांगा, तेही. कंपनीनेही त्याला दरवेळी नवं काहीतरी सांगितलं, आणि त्याने प्रत्येक गोष्ट निर्दोष करून दिली. ऐकणाऱ्याला मात्र कळेना की हा माणूस कोण आहे. ‘गेस आय’म डम’ ऐका: गाणं अप्रतिम आहे, पण ते ब्रायन विल्सनचं आहे. कॅम्बल तिथेही उत्तम साथ करतो आहे, फक्त गळ्याने.

पैशांचीही बाजू होती. स्टुडिओतलं काम रोख आणि भरपूर होतं. स्वतःचं गाणं पडलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचं तरी सेशन असायचंच. त्यामुळे तो तगला, पण हे सोडून गाण्यातच झोकून द्यावं अशी निकडही नव्हती.

१०. मग पालटलं कशाने?

गाण्यांच्या निवडीने. आणि ती निवड एका डेमोच्या फितीतून पुढे आली.

१९६७मध्ये कॅम्बलने जॉन हार्टफर्डचं ‘जेंटल ऑन माय माइंड’ रेडिओवर ऐकलं. या गाण्याला धृवपदच नाही. कडव्यामागून कडवं, श्वास न घेता सांगितल्यासारखं. निर्माता अल डी लोरीला ते ऐकवायचं म्हणून त्याने नेहमीच्या वादक मित्रांना घेऊन कच्चं रेकॉर्डिंग केलं, मध्ये मध्ये वादकांना ओरडून सूचना देत. डी लोरीने ती फीत ऐकली, सूचना काढून टाकल्या आणि तेच रेकॉर्डिंग बाजारात आणलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पाच वर्षं ठाकूनठोकून केलेली गाणी पडली आणि चाललं ते, जिथे तो आपल्या माणसांत बसून, कुणाला काही सिद्ध करायचं नाही अशा मोकळेपणाने गायला. पहिल्या फेरीत हेही गाणं कंट्रीच्या यादीत ३०व्या क्रमांकापर्यंतच गेलं, हे सांगायला हवं. १९६८मध्ये ते पुन्हा यादीत आलं.

दरम्यान त्याने गीतकार जिमी वेबचं ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’ केलं. हे गाणं जॉनी रिव्हर्सने आधी गायलेलं होतं. कॅम्बलच्या आवाजात ते कंट्रीत दुसरं आणि पॉपमध्ये २६वं आलं. फेब्रुवारी १९६८च्या ग्रॅमी समारंभात या दोन गाण्यांनी त्याला चार पुरस्कार मिळाले, दोन कंट्रीत आणि दोन पॉपमध्ये. पुढच्या वर्षी ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’ हा अल्बम ‘अल्बम ऑफ द इयर’ ठरला. तो मान मिळवणारा हा पहिला कंट्री अल्बम.

११. ‘विचिटा लाइनमन’च्या मधला तो जाड आवाजाचा सोलो कुणी वाजवलाय?

खुद्द कॅम्बलने. पण गिटारवर नाही आणि वाद्य त्याचं नव्हतं. ती कॅरॉल केची डॅनइलेक्ट्रो कंपनीची सहा तारांची बेस गिटार. ही साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली लागते, म्हणून तो घोगरा, लांबवर पसरणारा नाद.

पार्श्वभूमी अशी. ‘फीनिक्स’नंतर कॅम्बलने वेबला फोन करून आणखी एका गावाचं गाणं मागितलं. ओक्लाहोमाच्या सपाट मुलखात टेलिफोनच्या खांबावर एकटाच काम करणारा लाइनमन वेबने पाहिला होता, त्याच्यावर गाणं सुचलं. दोन कडवी झाली. अपुरं आहे असं सांगून त्याने ते पाठवलं आणि स्वतः विसरला. पुढे भेट झाल्यावर विचारतो तर गाणं रेकॉर्ड होऊन तयार! तिसऱ्या कडव्याच्या जागी कॅम्बलने तो सोलो ठेवला होता.

हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला कॅरॉल केच्या बेसचे उतरते सूर येतात. कडवी होतात. मग सोलो येतो आणि लक्षात येतं की तो नवीन काहीच वाजवत नाही, कडव्याची चालच वाजवतो आहे. जो वादक हवं ते, हव्या त्या वेगाने वाजवू शकत होता, तो स्वतःच्या गाण्यात, स्वतःच्या सोलोत चालीच्या बाहेर एक पाऊल टाकत नाही. शेवटी तारेतून येणाऱ्या संदेशासारखे उंच सूर आणि वेबच्या घरून आणलेल्या ऑर्गनचा थरथरता आवाज. १९६८मध्ये हे गाणं कंट्रीत पहिलं आणि पॉपमध्ये तिसरं आलं. मी ते किती वेळा ऐकलंय याची मोजदाद नाही, आणि तो सोलो सुरू झाला की अजूनही हातातलं काम थांबतं.

१२. स्टार झाल्यावर जुन्या वादकांना विसरला का?

नाही. ‘विचिटा लाइनमन’वर तीच मंडळी आहेत. जानेवारी १९६९ ते जून १९७२ या काळात सीबीएस या टीव्ही वाहिनीवर त्याचा ‘ग्लेन कॅम्बल गुडटाइम अवर’ चालला. त्यात शीर्षकगीत सुरू झालं की जॉन हार्टफर्ड प्रेक्षकांतून बँजो घेऊन उठायचा. ज्याच्या गाण्याने आपलं दार उघडलं त्याला दर आठवड्याला देशापुढे उभं करणं, हे मला फार आवडतं.

१३. तो स्वतः गाणी लिहायचा का?

क्वचित. ‘लेस ऑफ मी’ त्याचं आहे. गाजलेली जवळजवळ सगळी इतरांची: वेब, हार्टफर्ड, लॅरी वाइस, ॲलन टूसाँ. शेवटच्या गाण्यासाठी प्रश्न १७ पाहा.

१४. व्हायोलिनच्या लाटा, पॉपसारखी मांडणी... हे खरं कंट्री आहे का?

हा वाद त्याच्या हयातीतही झाला. कंट्रीचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या मुशीतला तो नव्हता, त्याची सगळी महत्त्वाची रेकॉर्ड कॅलिफोर्नियात झाली, आणि वाद्यवृंद पॉपचा होता. पण १९६८चा कंट्री म्युझिक असोसिएशनचा ‘एंटरटेनर ऑफ द इयर’ पुरस्कार त्यालाच मिळाला. माझं मत विचाराल तर: गाण्याचा विषय पाहा. घर सोडून गाडीने निघालेला, तारेवर काम करणारा, ‘गॅल्वेस्टन’ या गाण्यातला घरची आठवण काढणारा सैनिक. काम, अंतर, परतीची ओढ. हे कंट्री नाही तर काय आहे?

१५. साथीदाराचे मुख्य गायक झालेले असे आणखी कोण?

पुष्कळ. वेलन जेनिंग्ज रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचा बेसवादक होता. हॉली ज्यात गेला त्या ३ फेब्रुवारी १९५९च्या विमान अपघातातून जेनिंग्ज वाचला, कारण आपली जागा त्याने बिग बॉपर या गायकाला दिली होती. विली नेल्सन रे प्राइसच्या बँडमध्ये बेस वाजवायचा. बक ओवेन्स टॉमी कॉलिन्सचा गिटारवादक होता, आणि मर्ल हॅगर्ड विन स्टुअर्टकडे बेसवर होता.

फरक एवढाच की हे सगळे दौऱ्यावरच्या बँडमधून आले. स्टुडिओत इतका काळ काढून मग इतका मोठा गायक झालेला कंट्रीत कॅम्बलच. रेकिंग क्रूमधून लिऑन रसेलही पुढे आला, पण रॉकच्या वाटेने.

१६. १९७०नंतर काय झालं?

‘ट्रू ग्रिट’ (१९६९) या चित्रपटात जॉन वेनबरोबर काम केलं, मग काही वर्षं मोठं गाणं नाही. १९७५मध्ये लॅरी वाइसचं ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ कंट्री आणि पॉप दोन्ही याद्यांत पहिलं आलं. १९७७मध्ये ॲलन टूसाँच्या ‘सदर्न नाइट्स’ने तेच पुन्हा केलं. याच दशकात दारू आणि कोकेनने त्याला घेरलं. त्याबद्दल त्याने आत्मचरित्रात स्वतःच लिहिलं आहे.

१७. अल्झायमर झाल्यावरही तो गिटार वाजवत होता हे कसं शक्य आहे?

जून २०११मध्ये त्याने आजार जाहीर केला आणि निरोपाचा दौरा सुरू केला. १५१ कार्यक्रम झाले. शेवटचा ३० नोव्हेंबर २०१२ला, कॅलिफोर्नियातल्या नापा गावी. बँडमध्ये त्याची तीन मुलं होती. शब्द समोरच्या पडद्यावर लागायचे. दोन गाण्यांच्या मध्ये तो गोंधळायचा, कधी नुकतंच झालेलं गाणं पुन्हा सुरू करायचा. पण सोलोची जागा आली की बोटं बिनचूक पडायची. हातात बसलेली विद्या मेंदूत शब्द-नावांहून वेगळ्या ठिकाणी साठते, आणि अल्झायमरमध्ये ती बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकते.

जानेवारी २०१३मध्ये त्याने ‘आय’म नॉट गॉना मिस यू’ हे शेवटचं गाणं रेकॉर्ड केलं, ज्युलियन रेमंडबरोबर लिहिलेलं. साथीला हॅल ब्लेन, डॉन रँडी आणि जो ऑस्बॉर्न होते (प्रश्न ५ मधली नावं पुन्हा पाहा). २०१५मध्ये त्याला सर्वोत्तम कंट्री गीताचा ग्रॅमी मिळाला.

१८. २०१७च्या ‘आडिओस’ अल्बमवरही गिटार त्याचीच आहे का?

इथे बरेच जण चुकतात. आवाज त्याचा आहे, गिटार नाही. निरोपाचा दौरा संपल्यावर हे रेकॉर्डिंग झालं, तोपर्यंत बोटांनीही साथ सोडायला सुरुवात केली होती. गाण्याच्या ओळी मोठ्या अक्षरांत छापून समोर ठेवायच्या, आणि एक एक ओळ करत गाऊन घ्यायचं, असं काम चाललं.

त्याच्याशेजारी बसून हे सगळं करून घेणारा निर्माता होता कार्ल जॅक्सन, आणि गिटारही त्यानेच वाजवली. हा जॅक्सन १९७२मध्ये, अठरा वर्षांचा असताना, कॅम्बलच्या बँडमध्ये बँजोवर आला होता आणि बारा वर्षं त्याच्या मागे उभा राहून वाजवत होता.